करवती
१. करवती — पत्रात उल्लेखिलेली ही भेट म्हणजे भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील आंधळगावी कोष्टी कारागीर विणतात, ते करवती किनारीचे कोशाचे लुगडे होय. ऐन व अर्जुन या वृक्षांवर पोसलेल्या किड्यांच्या कोशांतून निघणाऱ्या सुताचा निसर्गदत्त मधुवर्ण अंगास कायम ठेवून, काठांस रंगीत सूत घालावयाचे, म्हणून मागावर एकाऐवजी तीन धोटे चालवावे लागतात. आणि मधल्या धोट्याचा धागा दोहों बाजूंच्या धाग्यांत दर फेकीस हाताने अडकविताना सांध्यावर करवतीच्या दात्यांसारखी जी नक्षी उमटते, तीवरून हे नाव रूढ झाले. असा कष्टसाध्य हुन्नर नजराण्यास सर्वथैव योग्य होय.

प्रसंग फाल्गुनातला आहे, हेही ध्यानी घ्यावे. हालाच्या ‘गाथासप्तशती’तील फाल्गुनोत्सव व हर्षाच्या ‘रत्नावली’तील मदनोत्सव हे प्रणयी जनांचेच सण होत. हल्ली १४ फेब्रुवारीस तांबडे गुलाब देण्याचा रिवाज शहरांतून पडला आहे, परंतु त्याच सुमारास या मुलुखातील रानांत पळस पेटू लागतो, आणि त्याची फुले उकळून काढलेला केशरी रंग होळीत प्रियजनांच्या अंगावर उडविण्याची चाल पुष्कळ जुनी व, आमच्या मते, अधिक रम्य आहे. पत्रलेखकाने काठ ‘पळसाचा’ मागितला आहे, तो याच भावनेने.

पुढील ओळीतील ‘गाठी’ हा दागिना नव्हे. होळीस देतात ती साखरेची माळ. — संपादक