काळीज आणि कापड

आपल्या बोलण्यात काळीज फाटते ते दुःखाने. खाटकाच्या दुकानात मात्र काळीज म्हणजे यकृतच. आमच्या भिवंडीजवळच्या मुंबई-आग्रा रस्त्यावर मालमोटारीची धडक बसली, तर ते खरोखरीच फाटू शकते आणि घटकाभरात माणूस आतल्या आत रक्त जाऊन दगावतो.

१९०८ साली ग्लासगोच्या जेम्स प्रिंगल या शस्त्रवैद्याने त्यावर तोड सांगितली. यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या अंगठा व बोट यांच्या चिमटीत धरायच्या, म्हणजे रक्त थोपते आणि जखम दिसू लागते. त्याने शस्त्रक्रिया केलेले चारही रोगी दगावले होते. ते अपयश न झाकता त्याने छापून जगापुढे ठेवले.

यकृताभोवती कापडाच्या घड्या दाबून बसवण्याचा उपायही जुनाच. आत पू होतो म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर तो मागे पडला. १९८० च्या सुमारास परत आला. आधी रक्त थांबवायचे, रोग्याच्या अंगात ऊब आणायची, दोन-तीन दिवसांनी पोट पुन्हा उघडून घड्या काढायच्या.

आमच्या गावात यंत्रमागांची खडखड ऐकताना मला कधी कधी ते चार रोगी आठवतात. ती चिमूट आजही प्रिंगलच्याच नावाने ओळखली जाते आणि माणसे वाचवते.