नाव आणि चेहरा

श्रोतेहो, तिरोडा तालुक्यातले बोदलकसा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. भोवती जंगल आणि मध्ये १९१७ साली बांधलेला तलाव. त्या पाळीवर उभे राहिले की माझ्या मनात एक साधा प्रश्न येतो. ही माती ज्यांनी टोपलीटोपलीने वाहिली, त्यांच्यापैकी एकाचा तरी चेहरा आपल्याला ठाऊक आहे का? नाही. आणि गंमत बघा, तलाव होण्याच्या आदल्याच वर्षी, १९१६ साली, त्या वेळच्या मध्यप्रांतातल्या माणसांची छायाचित्रे असलेला एक मोठा ग्रंथ लंडनमध्ये छापून निघाला होता. त्या ग्रंथाकडे आपण वळणारच आहोत. पण त्याआधी दोन जुनी नाणी हातात घेऊ.

पहिले नाणे शिवराई. तांब्याचे, हाताने ठोकलेले, म्हणून कडेला ओबडधोबड. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. राजाचा चेहरा नाही. त्या काळी आपल्याकडच्या बहुतेक नाण्यांचा शिरस्ताच तसा होता. बाजारातल्या माणसाला राजाची ओळख पटायची ती नावाने.

दुसरे नाणे रुपया. १८३५ साली कंपनी सरकारने सगळ्या मुलखासाठी एकसारखा रुपया पाडला आणि त्यावर इंग्लंडच्या चौथ्या विल्यम राजाचे डोके आले. १८४० पासून व्हिक्टोरिया राणी आली. तोच आपल्या आजोबा-पणजोबांचा राणीछाप रुपया. ज्या बाईला आपल्याकडच्या कोणी डोळ्यांनी पाहिले नव्हते, तिचा चेहरा शेतकऱ्याच्या कनवटीला आणि सावकाराच्या पेटीत जाऊन बसला. आणखी एक गोष्ट पाहा. राणी १९०१ साली वारली तेव्हा ती ८१ वर्षांची होती; पण रुपयावरची राणी मात्र शेवटपर्यंत तरुणच राहिली. चित्र माणूस जसा असतो तसाच दाखवते असे नाही. करवून घेणाऱ्याला तो जसा दिसायला हवा असतो, तसा दाखवते.

आता शिवाजी महाराजांकडे येऊ. नाव घराघरांत होते, पण चेहरा कोणता? इंग्रज पाद्री एस्कॅलियट हा १६६४ साली सुरतेत होता. त्याने एका पत्रात महाराजांचे वर्णन लिहून ठेवले आहे : बेताची उंची, ताठ बांधा, तीक्ष्ण भेदक नजर आणि इतरांहून उजळ वर्ण. १६७७ मध्ये महाराज कुतुबशहाच्या भेटीला गोवळकोंड्यास गेले होते. त्यानंतरच्या दहाएक वर्षांतली, त्या बाजूच्या शैलीत रंगवलेली त्यांची चित्रे आज लंडन आणि ॲमस्टरडॅम इथल्या संग्रहालयांत आहेत. मनुची या इटालियन प्रवाशासाठी मीर मुहम्मद नावाच्या चित्रकाराने काढलेले अश्वारूढ चित्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. म्हणजे चेहरा होता, पण तो परक्यांच्या पेट्यांतून समुद्रापार गेला होता.

मग इकडे काय झाले? मनुचीच्या ग्रंथातले इब्राहीम खान नावाच्या एका सरदाराचे चित्र महाराजांचे म्हणून आपल्याकडे प्रचारात आले. लोक त्यापुढे हात जोडत होते. लोकांचा भाव खरा होता, चित्र मात्र दुसऱ्याचे. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांतून महाराजांचे चित्र शोधून काढले आणि १९३३ साली ते लोकांपुढे ठेवले, तेव्हा ही चूक दुरुस्त झाली. तरतरीत नाक, टोकदार दाढी आणि शिरोभूषणावर तुरा, असा जो चेहरा आज आपल्या मनात आहे, त्यामागे एका अभ्यासकाची चिकाटी आहे. कुणी सांगितले म्हणून त्यांनी चित्र मानले नाही. हे कुणी काढले, कुणासाठी काढले, खाली काय लिहिले आहे, हे विचारले.

हीच नजर घेऊन आता त्या १९१६ च्या ग्रंथाकडे वळू. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांतातल्या जातीजमातींवर चार खंड लिहिले. माहिती अफाट आहे. आजही अभ्यासकाला ते खंड उघडावे लागतात. पण त्यातली छायाचित्रे बघा. प्रवासाला निघालेले गोंड. जात्यावर दळणाऱ्या गोंड बाया. पायांच्या मागच्या बाजूचे गोंदण दिसावे म्हणून उभ्या केलेल्या बाया. खाली जमात आहे, काम आहे, गोंदण आहे. माणसाचे नाव नाही. ही रीत जुनी होती. १८५७ च्या उठावानंतर सरकारने ‘हिंदुस्थानचे लोक’ अशा अर्थाच्या नावाने छायाचित्रांचे आठ खंड काढले, १८६८ ते १८७५ या काळात. साडेचारशेहून अधिक छायाचित्रे, आणि बहुतेक माणसे जातीचा नमुना म्हणून मांडलेली. राणीचा चेहरा नावासकट गावोगाव फिरला आणि गावच्या माणसाचा चेहरा नाव काढून घेऊन विलायतेला गेला. ज्याचे नाव पुसले, त्याला काही विचारावे, त्याचे काही ऐकावे, असे पाहणाऱ्याला कशाला वाटेल?

ज्यांना असे नमुन्यात बसवले होते, त्यांच्यापैकी पुष्कळांनी पुढे आपला चेहरा आपणच निवडला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ मध्ये आपल्याच भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले. तेव्हा गोंदियाचा हा भाग भंडारा जिल्ह्यातच होता. वेगळा जिल्हा झाला तो १९९९ साली. निवडणूक ते हरले. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी धम्मदीक्षा घेतली. त्या निवडणुकीचे आकडे आज किती जणांना आठवतात? पण त्यांची तसबीर कुडाच्या भिंतीवर, देवळीशेजारी, मानाने लागलेली आपण पाहतो. कोट, टाय, चष्मा, हातात ग्रंथ. कुणी म्हणतात, खेड्यातल्या घरात हा विलायती पोशाख कशाला? अहो, ज्यांच्या बापजाद्यांना धडके वस्त्र नेसण्याचीही चोरी होती, त्यांना त्या कोटाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ही तसबीर वरून कुणी धाडली नाही. लोकांनी पदरच्या पैशाने आणली, आणि आमच्याकडे असे पाहा, हे न बोलता सांगितले.

चित्राशिवाय माणूस लक्षात राहतच नाही, असे मात्र समजू नका. नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगतात. त्यांची तसबीर नाही. पण लोकांनी त्यांना कोलासुर देव केले आणि तलावाजवळच्या डोंगरावर त्यांचे ठाणे मांडले. जिथे चेहरा उरला नाही, तिथे लोकांनी नाव राखले.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. शाळेच्या भिंतीवरच्या तसबिरी मुलांना नुसत्या ओळखायला लावू नका. त्या कुणी काढल्या, कशावरून काढल्या, हेही विचारायला लावा. आणि दर वर्षी शाळेचा फोटो निघतो ना, त्याच्या मागे ओळीने सगळ्यांची नावे लिहून ठेवा. पहिल्या बाकावरच्या पाटलाच्या मुलाचे लिहा, आणि कोपऱ्यात अर्धी झाकलेली, गुरे राखून उशिरा शाळेत येणारी मुलगी असेल, तिचेही लिहा. घरी आजीचा एखादा जुना फोटो असेल तर तिच्याकडूनच विचारून घ्या, शेजारी कोण उभे आहे ते. आजी आहे तोवर विचारा.

बोदलकशाच्या पाळीवर माती टाकणाऱ्यांची नावे आता आपल्या हाती लागायची नाहीत. पण आज जी मुले त्या पाळीवरून शाळेत जातात, त्यांची नावे लिहून ठेवायला एक पेन्सिल पुरे आहे.