गोव्यातील एक पत्र आणि चीनची ज्ञानपरंपरा

नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरील सेंट चार्ल्स सेमिनरीत भारतीय तरुण तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांचे अध्ययन करून गुरुदीक्षेची तयारी करतात. आपणांस ही गोष्ट अगदी स्वाभाविक वाटते. परंतु सुमारे साडेचारशे वर्षांपूर्वी हेच अध्ययन भारतीय तरुणांसाठी खुले ठेवावे की नाही, हा गोव्यात वादाचा विषय झाला होता. त्या वादात भारतीयांचा पक्ष घेणारा एक तरुण येशूसंघीय पुढे चिनी तत्त्वज्ञानाचा थोर अभ्यासक म्हणून जगास ज्ञात झाला. त्याचे नाव मात्तेओ रिची.

रिचीचा जन्म १५५२ साली इटलीतील माचेराता येथे झाला. सप्टेंबर १५७८ मध्ये तो गोव्यास उतरला. पुढील वर्षी, १५७९ साली, आपल्या मराठीस 'क्रिस्तपुराण' देणारे फादर स्टीफन्सही गोव्यास आले. रिचीने येथे ईशज्ञानाचे अध्ययन केले, विद्यार्थ्यांना लॅटिन व ग्रीक शिकविले आणि १५८० साली कोचीन येथे त्याची गुरुदीक्षा झाली.

गोव्याचे सेंट पॉल कॉलेज मुळात पूर्वेकडील निरनिराळ्या देशांतील मुलांना शिक्षण देऊन ख्रिस्तसभेच्या सेवेस सिद्ध करण्यासाठी निघाले होते. तेथे आता असा निर्णय झाला की, स्थानिक विद्यार्थ्यांनी लॅटिन आणि नीतिविषयक प्रश्नांची जुजबी माहिती एवढ्यावरच थांबावे; तत्त्वज्ञान व ईशज्ञान यांचे वर्ग त्यांना बंद असावेत. उच्च शिक्षणाने ही मुले गर्विष्ठ होतील आणि गरीब धर्मग्रामांत सेवा करण्यास नाखूष राहतील, असे कारण देण्यात आले.

२५ नोव्हेंबर १५८१ रोजी रिचीने येशूसंघाचे प्रमुख अक्वाविवा यांना रोमला पत्र लिहून या निर्णयास विरोध केला. त्याचा युक्तिवाद साधा होता. विद्येने गर्व येतो हे खरे मानले, तर ते युरोपीय विद्यार्थ्यांसही लागू पडते. तेथे मात्र त्या कारणाने कोणास वर्गाबाहेर काढीत नाहीत. शिवाय ज्याच्यावर लोकांच्या आत्म्यांची जबाबदारी सोपवायची, त्यालाच अज्ञानात ठेवणे हे ख्रिस्तसभेच्या हिताचे कसे?

१५८२ साली रिची मकाव येथे पोहोचला व पुढील वर्षी त्याने चीनच्या मुख्य भूमीत प्रवेश केला. आरंभी तो बौद्ध भिक्षूंसारखा वेष करीत असे. १५९५ साली त्याने चिनी विद्वानांचा पोशाख स्वीकारला. कन्फ्यूशियस परंपरेचे चार मूलभूत ग्रंथ त्याने अभ्यासले आणि त्यांच्या लॅटिन भाषांतराचे काम केले.

ख्रिस्तपूर्व ५५१ ते ४७९ हा कन्फ्यूशियसचा काळ मानतात. शिकविताना कुळाचा वा वर्गाचा भेद करू नये, ही त्याची धारणा होती. गुरूला द्यायची भेट अगदी अल्प असली तरी तो विद्यार्थ्यास परत पाठवीत नसे. त्याचा सर्वांत लाडका शिष्य यान हुई हा अत्यंत दरिद्री होता. विद्येचा हेतू आधी स्वतःचे अंतःकरण सुधारणे, मग घर आणि मग राज्य नीट चालविणे, असा हा विचार आहे. त्यावर उभ्या राहिलेल्या राजकीय परीक्षांचे वर्णन रिचीने युरोपसाठी लिहून ठेवले. परीक्षार्थीचे हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून लेखनिक उत्तरपत्रिकांची नक्कल करीत आणि परीक्षक ती नक्कल तपासत.

अर्थात या व्यवस्थेचे गुणगान करताना तिच्या मर्यादा झाकू नयेत. स्त्रियांना या परीक्षांचे दार बंदच होते, आणि वर्षानुवर्षे पाठांतर करण्याची सवड गरिबांच्या मुलांना क्वचितच मिळे. १९०५ साली या परीक्षा रद्द झाल्या. तत्त्व उदार असले तरी व्यवहार त्याच्या मागे रेंगाळतो, हे चीनमध्येही घडले.

गोव्यातील संकुचित वृत्तीची फळेही इतिहासाने पाहिली. दिवाडी बेटावरचे मातेउश द कास्त्रो यांना गोव्यात गुरुदीक्षा नाकारण्यात आली. ते रोमला गेले, तेथे धर्मगुरू झाले आणि १६३७ साली त्यांना महागुरुपदाची दीक्षा मिळाली. घरी ज्याला अपात्र ठरविले, तो बाहेर महागुरू होण्यास पात्र ठरला!

रिची ११ मे १६१० रोजी बीजिंग येथे निवर्तला. १६८७ साली येशूसंघीयांनी पॅरिस येथे कन्फ्यूशियसचे विचार लॅटिनमध्ये प्रसिद्ध केले आणि युरोपचे विचारवंत ते वाचू लागले. आम्हांस असे वाटते की, चिनी ऋषीपुढे शिष्यभावाने बसण्याची रिचीची वृत्ती आणि गोव्यातील त्याचे पत्र यांचे मूळ एकच आहे. दुसऱ्याच्या बुद्धीचा जो आदर करतो, तोच त्याला शिकविण्यास आणि त्याच्याकडून शिकण्यास योग्य ठरतो.

गर्वाच्या भयाने विद्या आखडती घेण्याची भाषा आजही अधूनमधून कानी येते. एवढे शिकून मुलगी घरात रमेल का, शेतमजुराच्या मुलाला एवढे शिक्षण कशाला, असे प्रश्न आपल्या धर्मग्रामांतील सुजाण माणसेही विचारतात. १५८१ साली दिलेले कारण याहून फारसे निराळे नव्हते. त्यावरचे उत्तरही तेव्हाच देऊन झाले आहे.