आर्वीची छत्री, खोडदची दुर्बीण आणि घरातला टीव्ही

ईद किंवा दिवाळी जवळ आली की मंचर, नारायणगाव, जुन्नरच्या दुकानांत टीव्ही घेणाऱ्यांची गर्दी होते. एचडी रेडी घ्यावा, फुल एचडी घ्यावा की फोर-के? दुकानदार मोठ्या आकड्याकडे बोट दाखवतो आणि हप्ताही वाढतो. या आकड्यांचा इतिहास माहीत असेल तर निवड सोपी होते, आणि त्या इतिहासाची दोन ठिकाणे आपल्याच जुन्नर तालुक्यात आहेत.

पहिले ठिकाण आर्वी. १९७१ साली इथे परदेशांशी संपर्क साधणारे उपग्रह केंद्र सुरू झाले. पुढे त्याला विक्रम साराभाईंचे नाव मिळाले. सुमारे ३० मीटर व्यासाची ती छत्री हिंदी महासागरावरच्या उपग्रहाशी जोडलेली होती. परदेशी फोन आणि टीव्हीची चित्रे पाठवण्या-घेण्याची सोय तिच्यात होती. पण त्या वर्षी देशात टीव्ही फक्त दिल्लीत दिसत होता. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले आणि सिंहगडावरून पुण्याला चित्र मिळू लागले ते १९७३ मध्ये. म्हणजे छत्री गावच्या शिवारात, पण गावात टीव्ही नाही! चित्र आणणारी वाट आणि चित्र दाखवणारा पडदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथेच लक्षात घ्यावे.

तेव्हा आपल्याकडचे चित्र ६२५ ओळींचे होते. त्यातल्या ५७६ ओळी पडद्यावर दिसत. अमेरिका आणि जपानमध्ये पद्धत ५२५ ओळींची होती, त्यामुळे तिकडचे चित्र इथे दाखवायचे तर ते आधी बदलून घ्यावे लागे. अशा बदलात ओळी वाढतात, तपशील वाढत नाही. फळ्यावर उतारा मोठ्या अक्षरांत लिहिला म्हणून त्यातला मजकूर वाढतो का? १९८२ मध्ये रंग आला, पण ओळी तेवढ्याच राहिल्या. ‘रामायण’ आणि ‘द स्वोर्ड ऑफ टिपू सुलतान’ आपण याच ६२५ ओळींत पाहिले.

आता आजचे आकडे पाहू. जुन्या दर्जाच्या डिजिटल चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख ठिपके असतात. एचडीमध्ये (१२८० गुणिले ७२०) सुमारे ९ लाख, फुल एचडीमध्ये (१९२० गुणिले १०८०) सुमारे २१ लाख, तर फोर-केमध्ये (३८४० गुणिले २१६०) सुमारे ८३ लाख. घरी डीडी फ्री डिश असेल तर बहुतेक वाहिन्या चार लाखांच्याच येतात. उरलेले ठिपके टीव्ही अंदाजाने भरतो.

दुसरे ठिकाण खोडद. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली इथली रेडिओ दुर्बीण म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० छत्र्या, सुमारे २५ किलोमीटर परिसरात पसरलेल्या. इतक्या दूर का पसरवल्या? आकाशातले दोन जवळचे बिंदू दोन म्हणूनच ओळखता यावेत म्हणून. रिझोल्युशनचा खरा अर्थ हाच.

आपल्या डोळ्यालाही अशी मर्यादा आहे. निरोगी डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाइतका फरक ओळखतो. त्या हिशेबाने ४३ इंची फुल एचडी पडद्यावरचे ठिपके साडेपाच-सहा फुटांच्या पलीकडून वेगळे दिसत नाहीत. ५५ इंची पडद्यासाठी हे अंतर सुमारे सात फूट. त्याहून मागे बसणाऱ्याला फोर-केचे जादा ठिपके जवळपास दिसतच नाहीत.

व्हिडिओ गेमची गोष्ट वेगळी. तिथे चित्र बाहेरून येत नाही, यंत्रच ते तयार करते. कॅसेट घालून खेळायच्या जुन्या गेमचे चित्र सुमारे २४० ओळींचे असे. २०१३ चे प्लेस्टेशन ४ फुल एचडीपर्यंत गेले, तर २०२० चे प्लेस्टेशन ५ फोर-के देते. मुले जवळ बसून असे नवे यंत्र खेळणार असतील तर फोर-केला अर्थ आहे. मात्र बटण दाबल्यावर चित्र किती लवकर हलते, सेकंदाला ६० चित्रे दिसतात की १२०, टीव्हीत ‘गेम मोड’ आहे का, हेही तितकेच पाहावे.

उर्दूच्या शिक्षकाला आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. उर्दूत ‘खुदा’ आणि ‘जुदा’ यांत फक्त नुक्त्याच्या जागेचा फरक आहे. एकात तो वर, दुसऱ्यात खाली. मराठीतही अनुस्वार हा एक ठिपकाच. मुले टीव्हीवर धडे वाचणार असतील, संगणक जोडणार असतील, तर लहान अक्षरांसाठी निदान फुल एचडी हवा.

थोडक्यात, फ्री डिश आणि लहान खोली असेल तर ३२ इंची एचडी रेडी पुरे. अभ्यास आणि इंटरनेटवरच्या मालिकांसाठी ४३ इंची फुल एचडी. मोठा पडदा, जवळची बैठक, चांगले इंटरनेट किंवा नवे गेमयंत्र असेल तरच फोर-केसाठी जादा पैसे मोजावेत. नाहीतर आर्वीच्या उलट होईल: पडदा घरात येईल, पण त्याच्या तोलाचे चित्र येणारच नाही. वाचलेले पैसे मुलांच्या पुस्तकांना उपयोगी पडतील.