पळून गेलेल्या चौदा मुली

'पोरगी बिघडली' असे आपण किती सहज म्हणून जातो! दोष तिच्या आतच आहे, हे त्यात गृहीत धरलेले असते. एकेकाळी शास्त्रज्ञही तसेच मानत. इटलीच्या लोम्ब्रोसोने फेरेरोबरोबर १८९३ मध्ये स्त्री-गुन्हेगारीवर ग्रंथ लिहिला. त्यात गुन्ह्याचे मूळ त्याने कवटीच्या आणि चेहऱ्याच्या ठेवणीत शोधले.

याला छेद देणारी एक घटना मला फार महत्त्वाची वाटते. अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावी मुलींचे सरकारी सुधारगृह होते. तिथे सुमारे पाचशे मुली निरनिराळ्या कॉटेजमध्ये राहत. १९३२ च्या शरद ऋतूत दोन आठवड्यांत त्यातल्या चौदा मुली पळाल्या. एरवीपेक्षा हे प्रमाण कितीतरी पट जास्त होते.

जेकब मोरेनो हे मनोविकारतज्ज्ञ तेव्हा तिथे संशोधन करत होते. त्यांनी आणि हेलन जेनिंग्ज यांनी मुलींना साधाच प्रश्न विचारला होता : तुला कोणाबरोबर राहायला आवडेल? पाच नावे सांग. उत्तरांवरून त्यांनी ठिपके आणि रेघांचे नकाशे काढले. पळालेल्या मुली वेगवेगळ्या कॉटेजमधल्या होत्या, पण नकाशात त्या एकमेकींशी जोडलेल्या दिसल्या. म्हणजे कारण एकेकीच्या स्वभावात कमी आणि त्यांच्या आपसातल्या नात्यांत जास्त होते. मग मुलींच्या पसंतीचा विचार करून त्यांना घरे नेमून देण्यात आली. आजचे सोशल नेटवर्कचे शास्त्र याच नकाशांना आपला आरंभ मानते.

तरीही एक प्रश्न उरतोच. मुळात पळावेसे का वाटावे? १९३३ मध्ये न्यायालयाने एका पंधरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीला इथे पाठवले. ती कोणाच्या आवाक्यात राहत नाही, ऐकत नाही, असा तिच्यावर ठपका होता. कृष्णवर्णीय मुलींना तिथे वेगळ्या, दाटीवाटीच्या कॉटेजमध्ये ठेवत आणि मारहाणही होई. या मुलीचे नाव एला फिट्झजेराल्ड. नोव्हेंबर १९३४ मध्ये हार्लेमच्या अपोलो थिएटरमधली हौशी कलाकारांची स्पर्धा तिने जिंकली आणि पुढे ती जॅझची सम्राज्ञी झाली.

प्रत्येक मुलीत एला दडलेली नसते आणि तशी अट घालण्याचे कारणही नाही. पण एखादी मुलगी घर सोडते, शाळा बुडवते, तेव्हा 'हिला झाले तरी काय?' एवढेच विचारून भागत नाही. घरात आणि शाळेत तिला आपले वाटणारे माणूस कोण, हेही विचारायला हवे.