शब्दांची आणेवारी

इंग्रजी अमदानीच्या महसुली दप्तरांत जे शब्द जोडीजोडीने वावरतात, त्यांचे अर्थ वरकरणी सारखे दिसले तरी त्यांच्या बळात जे अंतर होते, ते बारामती-इंदापूरच्या कुणब्याला कोशावाचून उमगत असे. कारण ते अंतर थेट त्याच्या कणगीत उतरे. ‘सस्पेन्शन’ म्हणजे तहकुबी आणि ‘रेमिशन’ म्हणजे सूट. तहकूब झालेला सारा पुढल्या सुगीला दारात उभा राही. सूट मिळाली तर मात्र ते देणे कायमचे फिटे.

पिकाचा अंदाज सोळा आण्यांच्या हिशेबाने बांधीत, आणि चार आण्यांच्या आत पीक ठरले तर वसुली तहकूब ठेवावी असा मुंबई इलाख्याचा पुढे रूढ झालेला नियम होता. बांधावर उभे राहून शाळूचे पोचट कणीस तळहातावर चोळावे, फुंकर मारून भूस उडवावे, आणि उरलेल्या दाण्यांकडे पाहून साडेतीन म्हणावे की साडेचार, या एका आण्याच्या अंतरात घरातील बैलजोडी राहण्याचा किंवा जाण्याचा प्रश्न असे.

इंदापूरने दप्तरातील अक्षरांची ही किंमत फार लवकर मोजली. इंग्रज अधिकारी प्रिंगलसाहेबाच्या जमीन-पाहणीतून ठरलेला धारा इतका जड झाला की रयत जमिनी टाकून निघून गेली. तेव्हा १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी याच तालुक्यात तो उतरवून तीस वर्षांचा करार बांधून दिला, आणि पुढे साऱ्या इलाख्याच्या बंदोबस्ताचा तोच कित्ता ठरला.

परंतु सर्वांत निर्णायक जोडी ‘स्केअर्सिटी’ म्हणजे टंचाई आणि ‘फॅमिन’ म्हणजे दुष्काळ यांची. १८७६-७७ च्या दुष्काळात, बारामती भीमथडी तालुक्यात मोडत असताना, तेथे एक रत्तल धान्याची किंमत आणि वर एक आणा एवढ्या मजुरीवर माणसे खडी फोडीत होती. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर ज्या दुष्काळी संहिता झाल्या, त्यांच्या अमलात आधी कसोटीची कामे उघडावीत, तेथे लोक किती लोटतात ते पाहावे, आणि मगच ‘फॅमिन’ उच्चारावा, अशी रीत पडली. सौम्य शब्दाकडून उग्र शब्दाकडे जाण्याच्या त्या अवधीत किती चुली विझल्या असतील, याचा विचार माझ्या मनाला आजही स्वस्थ बसू देत नाही.

स्वराज्यात तर उग्र शब्दच कायद्यातून गेला. १९६३ च्या अधिनियमाने महाराष्ट्रातील कायद्यांतून ‘फॅमिन’ काढून त्याच्या जागी ‘स्केअर्सिटी’ घातला. सरकारी मराठीत ‘टंचाई’ रुळली. कल्याणकारी राज्यात उपासमारीला वाव उरू नये ही आकांक्षा उदात्त होती. पण शब्द खोडल्याने पाऊस पडत नाही, आणि संकटाचे नाव हलके केले की मदतीची निकडही हलकी होते, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ हा आणखी मवाळ प्रयोग निघाला, आणि उच्च न्यायालयातील याचिकेनंतर २०१६ मध्ये शासनाला तेथे ‘दुष्काळ’ असे वाचावे, असा खुलासा करावा लागला.

१९७२ साली या जिराईत पट्ट्यात जी कामे निघाली, त्यांची दप्तरी नोंद टंचाईची कामे अशीच होती. पण इंदापूरच्या पूर्वेकडच्या कोणत्याही गावी पारावर विचारावे, त्या सालाला लोक ‘बहात्तरचा दुष्काळ’ असेच म्हणतात.