मुकादमाची मुखत्यारी आणि पदविकेचा दाखला

मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या परीक्षेस बसणाऱ्या तरुणांच्या हाती आज जी पाठ्यपुस्तके पडतात, त्यांत या व्यवसायाचा उगम बहुधा इंग्लंडात सांगितलेला असतो. यॉर्क येथील राउंट्री यांच्या कारखान्यात १८९६ साली स्त्री-कामगारांच्या हितासाठी झालेली मेरी वुड यांची नेमणूक आणि त्याच शहरी १९१३ साली स्थापन झालेली कल्याण-कार्यकर्त्यांची संघटना यांपासून ती वंशावळ सुरू होते. ती खोटी नाही. परंतु नोकरमाणसांचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याने रीतसर शिक्षण घेतलेले असावे, परीक्षा देऊन दाखला मिळविलेला असावा, हा आग्रह मुंबईत ज्या कारणाने जन्मास आला, ते कारण गिरणीच्या दरवाजातच उभे होते. ते कारण म्हणजे मुकादम.

कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी उभारली, तेव्हापासून पुढे पाऊणशे वर्षे कामगाराची भरती, त्याची शिकवणूक, त्याची हजेरी आणि त्याची बरतर्फी ही सारी सूत्रे जॉबर ऊर्फ मुकादम या एकाच इसमाच्या हाती एकवटलेली होती. सकाळचा भोंगा होण्यापूर्वी दरवाजापाशी बदली कामगारांचा घोळका जमे. आज किती जणांचा खाडा पडला आहे याचा अंदाज घेत मुकादम येई, घोळक्यावरून नजर फिरवी, दोघा-चौघांना बोटाने आत घेई, आणि उरलेले मुकाट्याने दुसऱ्या गिरणीच्या वाटेस लागत. आत गेलेल्याने पगाराच्या दिवशी त्याची दस्तुरी चुकती करावयाची, हा अलिखित करार होता. कांडीखात्यातील बायकांवर नायकिणीचा असाच अंमल चाले. मात्र मुकादमास निव्वळ लुटारू ठरविणे इतिहासाशी प्रामाणिकपणाचे होणार नाही. रत्नागिरी-साताऱ्याकडून आलेल्या अनोळखी पोरास चाळीत पथारी टाकण्यापुरती जागा मिळवून देणारा, वाण्याकडे त्याचा जामीन राहणारा आणि दुखण्याखुपण्यात उसने पैसे देणारा इसमही पुष्कळदा तोच असे. आधार आणि जाच यांचा उगम एकाच हातात असल्यामुळे तक्रार करावी तर कोणाकडे, हा प्रश्न कामगारापुढे कायमच अनुत्तरित राहिला.

१९२८ च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपाने मालक आणि मजूर यांच्यामधला दुवा किती कुजला आहे हे सरकारच्याही ध्यानी आले. पुढील वर्षी जे. एच. व्हिटले यांच्या अध्यक्षतेखाली शाही कामगार आयोग नेमण्यात आला, त्यावर कामगारांचे नेते ना. म. जोशी हेही सभासद होते, आणि १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात आयोगाने स्पष्ट शिफारस केली की नेमणुकीचा आणि बरतर्फीचा अधिकार मुकादमाकडून काढून घ्यावा आणि मोठ्या कारखान्यांनी त्यासाठी स्वतंत्र कामगार अधिकारी ठेवावा, जो कारखान्याच्या मुख्य व्यवस्थापकावाचून अन्य कोणाचाही ताबेदार नसेल. त्या अधिकाऱ्याच्या अंगी असावयाचे गुणही आयोगाने नमूद केले आहेत: सचोटी, व्यक्तिमत्त्व, कार्यशक्ती, माणूस ओळखण्याची हातोटी, आणि भाषांवरील प्रभुत्व. या यादीत हिशेब नाही, कायदा नाही, यंत्रज्ञानही नाही, आणि तरीही तिच्याइतका नेमका अभ्यासक्रम या व्यवसायास पुन्हा कोणी आखून दिला असेल असे मला वाटत नाही.

मुंबई सरकारने १९३४ च्या तंटे-समेट कायद्यान्वये आपला कामगार अधिकारी नेमला, गिरणीमालकांच्या संघानेही त्याच सुमारास स्वतःचा नेमला, आणि १९३५ पासून बदली कामगारांना महिन्याच्या पहिल्या तारखेस कार्डे देऊन रिकाम्या जागा त्यांतूनच भरण्याची पद्धत सुरू झाली. कार्डाने मुकादमाची मुखत्यारी एका दिवसात संपली नाही, परंतु दरवाजापाशी बोटाने माणूस निवडण्याच्या रिवाजास कागदाचा पहिला अडसर बसला.

आता असे अधिकारी घडवावयाचे कोठे, हा प्रश्न उभा राहिला. नागपाड्याच्या दाट वस्तीत सेवाकेंद्र चालविणारे अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅन्शार्ड्ट यांच्या पुढाकाराने १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय त्याच वस्तीत सुरू झाले. १९४४ पासून त्यास टाटा समाजविज्ञान संस्था हे नाव मिळाले आणि १९५४ साली ती देवनारला गेली. विद्यार्थ्याने पुस्तकाइतकाच वेळ वस्तीत आणि कारखान्यात घालवावा हा दंडक तिथे प्रारंभापासून होता, आणि विद्यालयाचे स्थानच असे होते की वस्ती टाळून वर्गात पोहोचणे शक्य नव्हते. पाठोपाठ १९४७ साली मुंबई सरकारने आपली कामगार संस्था काढली. परळच्या गिरणगावातील ती संस्था आज नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाने ओळखली जाते.

या शिक्षणास कायद्याचे पाठबळ मिळाले ते १९४८ च्या कारखाने अधिनियमाने. त्याच्या ४९ व्या कलमान्वये पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक झाले, आणि त्याची पात्रता ठरविण्याचा अधिकार राज्य सरकारांना मिळाल्यामुळे मान्यताप्राप्त संस्थेची पदविका ही नोकरीची पूर्वअट बनली. परीक्षार्थींच्या वह्यांतून तेव्हापासून आकड्यांची एक माळच घोकली जाऊ लागली: दीडशेहून अधिक कामगार असतील तर विश्रांतीची व डबा खाण्याची खोली, अडीचशेहून अधिक असतील तर उपाहारगृह, पाचशेहून अधिक असतील तर रुग्णोपचार-कक्ष, आणि पन्नासहून अधिक स्त्रिया असतील तर त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर; पुढे १९७६ च्या दुरुस्तीने ही पन्नासची मर्यादा तीसवर आणली. या प्रत्येक आकड्यामागे कोणाची तरी झालेली आबाळ आहे, हे परीक्षकाने विचारले नाही तरी विद्यार्थ्याने विसरू नये. पदविकेच्या जोडीला आणखी एक अट नियमांत राहिली: कारखान्यातील बहुसंख्य कामगारांची भाषा अधिकाऱ्यास चांगली अवगत असली पाहिजे. आयोगाच्या यादीतला तो शेवटचा गुण अशा रीतीने कायद्याच्या दफ्तरी रुजू झाला.

दाखला हाती आला तरी त्या अधिकाऱ्याची अवस्था मात्र बिकटच राहिली. पगार मालकाचा आणि कैवार मजुराचा, अशा दुहेरी तैनातीत त्यास उभे राहावे लागे, आणि शिस्तभंगाच्या चौकशीची कामेही व्यवस्थापन हळूहळू त्याच्याच टेबलावर सरकवू लागले. माजी सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय कामगार आयोगाने १९६९ साली आपल्या अहवालात बजावले की कल्याण अधिकाऱ्यास व्यवस्थापनाच्या बाजूने कामगार-तंटे हाताळण्यास लावू नये. शिफारस योग्य होती; तिचे पालन बेतास बात झाले. कलकत्त्यास १९४८ साली आणि मुंबईस १९५० साली स्थापन झालेल्या या पेशाच्या दोन संस्था १९८० साली एकत्र आल्या खऱ्या, परंतु तोवर पेशाचा कल मजुराकडून व्यवस्थापनाकडे निश्चितपणे झुकला होता. दोनच वर्षांनी, १८ जानेवारी १९८२ रोजी, गिरण्यांचा अखेरचा मोठा संप सुरू झाला, आणि ज्या दरवाजांपाशी या साऱ्या कथेचा आरंभ झाला त्यांपैकी बहुतेक पुढे बंद पडले.

मुकादम मात्र महाराष्ट्रातून गेलेला नाही. दरसाल दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून आणि आसपासच्या मुलखातून ऊसतोडीस निघणाऱ्या टोळ्या मुकादमाच्याच मध्यस्थीने साखर कारखान्यांकडे जातात. नवरा-बायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून मोजली जाते, आणि आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत तिला फडातून पाय काढता येत नाही. २०२० च्या कामगार संहितेने कल्याण अधिकाऱ्याच्या नेमणुकीची मर्यादा पाचशेवरून अडीचशेवर आणली आहे, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु कारखान्याच्या हजेरीपटावर ज्यांचे नावच नाही त्यांच्यापर्यंत ही मोजणी पोहोचत नाही. या परीक्षेची तयारी करणाऱ्या तरुणांना माझी विनंती एवढीच आहे, की व्हिटले आयोगाच्या अहवालातील मुकादमासंबंधीचा भाग त्यांनी मुळातून वाचावा, आणि एका हंगामात तरी एखाद्या साखर कारखान्याच्या तळावर जाऊन कोयत्याच्या उचलीचा हिशेब त्या नवरा-बायकोच्याच तोंडून ऐकून घ्यावा.